मासळी कुणाच्या धक्क्यावर उतरते?

२०२० च्या डिसेंबरात ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यातला व्यापार करार अगदी शेवटच्या दिवसांत अडला, तो मासेमारीवर. इतर बहुतेक कलमं मार्गी लागली होती, पण कुणाच्या बोटींनी कुठल्या पाण्यात किती मासळी धरायची यावर २४ डिसेंबरपर्यंत घासाघीस चालू राहिली. ब्रिटनच्या राष्ट्रीय उत्पन्नात मासेमारीचा वाटा आहे जेमतेम ०.१ टक्का. एवढ्याशा उद्योगासाठी एवढा मोठा करार ओलीस धरायचा हा शुद्ध भावनेचा खेळ आहे, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. जगातल्या बहुतेक किनारी देशांत अर्थखात्याची माणसं मच्छीमारांशी बोलताना असाच सूर लावतात. एक टक्का, अर्धा टक्का, त्याहून कमी; मग कशाला एवढी काळजी?

हा आकडा खोटा नाही. पण एखाद्या देशानं आपली मासेमारी राखावी की सोडून द्यावी, हे ठरवायला तो निरुपयोगी आहे, आणि तरीही जवळपास सगळे निर्णय त्याच्याच आधारावर होतात. यातून जे नुकसान होतं ते फार वर्षांनी दिसतं आणि भरून निघत नाही, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

आधी तो आकडा कसा बनतो ते पाहू. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबात 'मासेमारी'च्या रकान्यात येतं ते बोट धक्क्याला लागेपर्यंतचं मूल्य: धरलेल्या मासळीची पहिल्या विक्रीची किंमत, त्यातून डिझेल, बर्फ, जाळी, दुरुस्ती यांचा खर्च वजा. तीच मासळी साफ करून, तुकडे पाडून, गोठवून खोक्यात भरली की ती 'कारखानदारी' होते. ट्रकमध्ये चढली की 'वाहतूक', दुकानात गेली की 'व्यापार'. इंजिन दुरुस्त करणारा आणि जाळं तुणणारा आणखी कुठल्या तरी रकान्यात. एकच रक्कम दोनदा मोजली जाऊ नये यासाठी ही पद्धत योग्यच आहे. मात्र धोरण ठरवणारा माणूस पहिला रकाना वाचतो आणि तोच सगळा उद्योग आहे असं धरून चालतो.

धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना घ्या. मिठाच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत पाण्यानं भरलेले पत्र्याचे डबे बुडवलेले असतात. लादी नीट गोठायला बरेच तास जातात, म्हणून उद्या पहाटे निघणाऱ्या बोटींचा बर्फ आजच लावावा लागतो. बोटी दहा येवोत की पन्नास, कॉम्प्रेसर चालवावाच लागतो आणि विजेचं बिलही येतंच. मासळीची आवक थोडी घटली तर मालक तोटा सोसून कारखाना चालू ठेवतो. ती एका मर्यादेखाली गेली की एक दिवस तो कुलूप लावतो. उरलेल्या बोटींना मग बर्फासाठी दुसरं बंदर गाठावं लागतं, आणि बर्फ घेतला तिथेच मासळी उतरवणं सोयीचं पडतं. इकडच्या लिलावात मालच नाही म्हटल्यावर व्यापारी यायचे थांबतात. बोली लावणारे कमी झाले की भाव पडतो, भाव पडला की आणखी दोन बोटी विकल्या जातात. मग इंजिनाचा मिस्त्री शहराकडे निघून जातो. आवक तीस टक्क्यांनी घटली तर धक्क्यावरचं काम तीस टक्क्यांनी घटेल असा हिशोब कागदावर ठीक दिसतो. प्रत्यक्षात एका पायरीवर सगळंच एकदम कोसळतं. आणि पुढे कधी मासळी परत आली तरी तो मिस्त्री परत येत नाही.

या साखळीतली निम्मी माणसं तर 'मच्छीमार' म्हणून मोजलीच जात नाहीत. जगातल्या लहान प्रमाणावरच्या मासेमारीचा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं मोठा अभ्यास केला. त्यानुसार जागतिक पकडीपैकी सुमारे ४० टक्के मासळी ही लहान मासेमारी आणते, पण मासेमारीतला सुमारे ९० टक्के रोजगार तिच्यात आहे. मासळी निवडणं, साफ करणं, सुकवणं, विकणं ही कामं धरली तर तिथल्या दर दहा जणांत चार बाया आहेत. बोटीवर पाय न ठेवणाऱ्या या बायांचा परवाना नसतो, बोट त्यांच्या नावावर नसते, आणि मासेमारी बंद पडल्यावर भरपाईच्या याद्या परवान्यांवरून आणि बोटींवरूनच केल्या जातात.

इथे एक सावधगिरी हवी, नाहीतर माझा मुद्दा फुगवलेल्या आकड्यांच्या टोपलीत जाऊन पडेल. मासेमारी उद्योगाच्या संघटना 'समुद्रावरची एक नोकरी किनाऱ्यावर अमुक इतक्या नोकऱ्या निर्माण करते' असे गुणक सतत पुढे करतात आणि त्या जोरावर डिझेलचं अनुदान मागतात. हे गुणक काढताना बहुतेकदा असं गृहीत धरलेलं असतं, की मासळी नसती तर ही सगळी माणसं हात बांधून बसली असती. मोठ्या शहराजवळच्या बंदरात हे खरं नसतं. तिथल्या वेल्डरला दुसरं काम मिळतं, शीतगृहात भाजी ठेवता येते. जिथे दुसरं काहीच नाही अशा लांबच्या किनाऱ्यावर मात्र तो गुणकसुद्धा कमी पडतो. म्हणजे मासेमारीचं व्यापक मोल देशभर एकसारखं पसरलेलं नसतं. राष्ट्रीय सरासरीत ते विरघळून जातं, पण काही तालुक्यांत तेच सर्वस्व असतं.

कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाचं उदाहरण याच कारणानं पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. २ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी तिथल्या कॉड या माशाची मासेमारी थांबवल्याचं जाहीर केलं. हजारो माणसांचं काम एका दिवसात गेलं. हळूहळू हा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला. कॅनडाच्या एकूण उत्पन्नात ही रक्कम नगण्य होती. न्यूफाउंडलंडची लोकसंख्या मात्र पुढच्या दहा वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी घटली, आणि भरपाई व पुनर्प्रशिक्षण यांवर केंद्र सरकारला अब्जावधी डॉलर खर्च करावे लागले. मला यातला नंतरचा भाग अधिक बोलका वाटतो. कॉड गेल्यावर त्या समुद्रात खेकडे आणि कोळंबी वाढली. त्यांना भाव चांगला होता, त्यामुळे काही वर्षांत तिथल्या मासळीची एकूण किंमत कॉडच्या दिवसांपेक्षा जास्त झाली. मासेमारीचा रकाना वाचणाऱ्याला वाटेल, संकट संपलं. पण ती कमाई थोड्या बोटींच्या आणि थोड्या कारखान्यांच्या हाती गेली. कॉडवर जगणारी शेकडो लहान खेडी त्यातून पुन्हा उभी राहिली नाहीत.

मग मोल नेमकं कुठे मुरतं? माझं उत्तर असं, की मासळीवर पहिला हक्क कुणाचा आणि ती हाताळण्याचं कौशल्य कुणाकडे, या दोन गोष्टींवर ते ठरतं. यांतली एक असली आणि दुसरी नसली तर काय होतं, हे आइसलंड आणि ब्रिटन यांच्या गोष्टीत दिसतं. आइसलंडनं आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० मैल केली. ब्रिटनच्या नौदलाशी तीनदा टक्कर घेतली आणि १९७६ मध्ये जिंकली. ब्रिटनच्या हल बंदरातला दूर समुद्रात जाणारा ताफा त्यानंतर संपला. ट्रॉलर मोडीत काढायला मालकांना पैसे मिळाले. खलाशांना मात्र 'तात्पुरते मजूर' ठरवून नोकरी गेल्याची भरपाई नाकारली गेली. त्यांच्यासाठीची व्यापक सरकारी योजना निघायला २००० साल उजाडावं लागलं. हलच्या समोरच्या बाजूचं ग्रिम्सबी मात्र वेगळ्या वाटेनं तगलं. तिथे उतरणारी मासळी आटली, पण सोलणारे हात, शीतगृहं आणि खरेदीदार टिकले, म्हणून आज आइसलंड आणि नॉर्वेची मासळी जहाजांनी आणि ट्रकांनी तिथे येते, आणि ब्रिटनमधलं ते मत्स्यप्रक्रियेचं सर्वांत मोठं केंद्र आहे.

आइसलंडनं हक्क मिळवला आणि त्याभोवती कौशल्यही रचलं. मासळीच्या कारखान्यासाठी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बनवायचा या विद्यापीठातल्या प्रयत्नातून १९८३ मध्ये 'मारेल' ही कंपनी उभी राहिली आणि अन्नप्रक्रियेची यंत्रं जगभर विकू लागली. कॉडचे तुकडे काढल्यावर माशाचं निम्म्याहून जास्त वजन डोकं, काटा, कातडं आणि आतडी या रूपात उरतं. बऱ्याच बंदरांत ते समुद्रात तरी जातं नाहीतर भुकटीला. आइसलंडच्या ईसाफ्योर्दुर या गावातल्या 'केरेसिस' कंपनीनं कॉडच्या कातड्यापासून जखमा भरून काढणारं आवरण तयार केलं. २०२३ मध्ये एका डॅनिश कंपनीनं ती विकत घेतली, तेव्हा सौद्याची किंमत सव्वा अब्ज डॉलरच्या पुढे ठरली. हा पैसा कुठल्याही देशाच्या 'मासेमारी' रकान्यात दिसणार नाही. पण कातडं टाकून न देता ठेवणारा कारखाना जवळ नसता, तर तो उद्योग त्या गावात सुचलाच नसता.

हक्काची गोष्ट १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानं जगभर बदलली. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, पाण्यातल्या साधनसंपत्तीवर किनारी देशाचा हक्क मान्य झाला. हक्क कागदावर मिळाला तरी तो वापरायचा कसा, हे प्रत्येकाला ठरवावं लागलं. नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या समुद्रात परदेशी ट्रॉलर हेक मासा ओरबाडत होते. नव्या सरकारनं २०० मैलांची हद्द जाहीर केली, बेकायदा घुसलेले स्पॅनिश ट्रॉलर पकडून जप्त केले, पकड एकदम खाली आणली आणि कोट्यातला, म्हणजे ठरवून दिलेल्या पकडीच्या वाट्यातला, काही भाग ताजा उतरवून किनाऱ्यावरच प्रक्रिया करण्याचं बंधन घातलं. वॉल्विस बे आणि ल्युडेरिट्झ इथले कारखाने त्यातून भरले. याच नामिबियात २०१९ मध्ये 'फिशरॉट' प्रकरण बाहेर आलं: कोटे देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले आणि अटक झाली. मासळीचा हक्क एवढा मौल्यवान असेल आणि तो बंद दाराआड वाटला जात असेल, तर असं होणारच. त्यावर उपाय हक्क परदेशी ताफ्यांना परत देणं हा नसून कोट्याचा प्रत्येक धनी आणि त्याची किंमत जाहीर करणं हा आहे.

प्रत्येक देशानं आपल्याच धक्क्यावर मासळी उतरवावी, असा हट्टही मी धरणार नाही. प्रशांत महासागरातल्या नाउरू कराराच्या आठ बेटदेशांनी वेगळा मार्ग घेतला. किरिबाटीसारख्या देशात गोड्या पाण्याची चणचण, जमीन थोडी, वाहतूक महाग. तिथे टूनाचे डबे भरण्याचा कारखाना काढणं म्हणजे तोटा विकत घेणं. या आठांनी २००७ पासून एकत्र येऊन मासेमारीचे 'दिवस' विकायला सुरुवात केली. टूना धरायला येणाऱ्या परदेशी बोटीनं प्रत्येक दिवसाचे पैसे मोजायचे, आणि ठरलेल्या किमान भावाखाली कुणी विकायचं नाही. पूर्वी मोठे ताफे एकेका बेटाला गाठून स्वस्तात परवाने पदरात पाडून घेत. २०१० च्या सुमारास या देशांना मिळून वर्षाला ६ कोटी डॉलरच्या आसपास मिळत होते. पुढच्या दहा वर्षांत ती रक्कम ५० कोटींच्या घरात गेली. मासे तेच आणि समुद्रही तोच. किरिबाटीच्या सरकारचं निम्म्याहून जास्त उत्पन्न आज या परवान्यांतून येतं, त्यातून शाळा आणि दवाखाने चालतात. अर्थशास्त्र ज्याला साधनसंपत्तीचं भाडं म्हणतं, ते आधी फुकट जात होतं, इतकंच.

याच्या उलटं चित्र पश्चिम आफ्रिकेत आहे. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया यांच्या किनाऱ्यावर सार्डिनेला नावाचा लहान, चरबीचा मासा मिळतो. तो धुरवून आणि सुकवून हजारो बाया आतल्या मुलखापर्यंत विकत आल्या आहेत. गेल्या काही वर्षांत तिथे मासळीच्या भुकटीचे कारखाने उभे राहिले. चार-पाच किलो ताजी मासळी गेली की एक किलो भुकटी हाती येते, आणि ती परदेशातल्या मत्स्यशेतीचं खाद्य म्हणून जाते. निर्यातीचा आकडा वाढतो, परकीय चलन येतं, मंत्र्यांना अहवालात दाखवायला एक चांगली ओळ मिळते. दुसरीकडे कारखान्याच्या भावाशी स्पर्धा करू न शकणाऱ्या बाईची भट्टी थंड पडते. लहान मासा काट्यासकट खाल्ला जातो. त्यातलं कॅल्शियम, लोह, जस्त, अ जीवनसत्त्व ज्या मुलांच्या पोटात जात होतं, ते आता जात नाही. याचा खर्च वीस वर्षांनी आरोग्य खात्याच्या रकान्यात दिसेल, तेव्हा त्याचा मासळीशी संबंध जोडायला कुणी बसणार नाही. मासेमारीच्या मोलाचा कुठलाही हिशोब यात फायदा दाखवत असेल, तर तो हिशोब चुकीचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. वर सांगितलेलं सगळं मोल समुद्रातल्या साठ्यावर उभं आहे. तो साठा मुद्दल आहे आणि दरवर्षीची वाढ हे त्याचं व्याज. राष्ट्रीय उत्पन्नाच्या चालत आलेल्या हिशोबात मात्र व्याज काढलं काय आणि मुद्दल उचललं काय, दोन्ही 'उत्पन्न'च. कॉड शेवटच्या टनापर्यंत ओढून काढला जात होता तेव्हा कॅनडाच्या हिशोबात तो वाढीच्या बाजूलाच जमा होत होता. मोठ्या ट्रॉलरांकडे ध्वनिलहरींनी मासा हुडकणारं 'सोनार' यंत्र होतं. घटत चाललेला मासा उरल्यासुरल्या थव्यांत गोळा होई, आणि ते थवे त्यांना नेमके सापडत, त्यामुळे जाळी भरलेली येत. साठ्याचे अंदाज या भरलेल्या जाळ्यांवर बेतले गेले. किनाऱ्याजवळ लहान बोटीतून मासेमारी करणारे मासा बारीक झाल्याचं, सापळे रिकामे येत असल्याचं सांगत होते. त्यांचं म्हणणं फार उशिरा ऐकलं गेलं.

जवळपास त्याच वर्षांत नॉर्वेसमोर हाच पेच होता. नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड घसरला होता. नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी १९९० चा एकत्रित कोटा दोन लाख टनांच्या खाली आणला. उत्तर नॉर्वेत बोटी धक्क्याला बांधून पडल्या, कर्जं थकली, सरकारवर भयंकर राग निघाला. साठा सावरला, आणि २०१३ मध्ये त्याच समुद्राचा कोटा दहा लाख टनांवर गेला. अलीकडे तो पुन्हा खूप कमी करावा लागला आहे, पण कोटा कमी करता येईल एवढा मासा तिथे आहे. न्यूफाउंडलंडला व्यावसायिक बंदी उठायला २०२४ उजाडलं, तीही १८ हजार टनांच्या कोट्यानं. १९६८ मध्ये त्या पाण्यातून आठ लाख टनांहून जास्त कॉड निघाला होता.

जागतिक बँकेच्या अभ्यासात, साठे नीट राखले असते तर जगाच्या सागरी मासेमारीला २०१२ या एका वर्षात आणखी ८३ अब्ज डॉलर मिळू शकले असते, असा हिशोब निघाला. जास्त पकड करून नव्हे, तर कमी बोटी आणि कमी डिझेल वापरून, मोठा झालेला मासा धरून. इतकं असूनही जगातली सरकारं मासेमारीवर वर्षाला सुमारे ३५ अब्ज डॉलरचं अनुदान देतात, आणि त्यातला मोठा भाग इंधन व नव्या बोटी यांवर, म्हणजे मुद्दल उचलण्याची गती वाढवण्यावर जातो. मच्छीमारांविषयीचं प्रेम म्हणून हे अनुदान मिरवलं जातं. लहान बोटीच्या वाट्याला त्यातलं फारसं येत नाही, कारण जास्त डिझेल जाळणाऱ्यालाच जास्त अनुदान मिळतं.

साठा राखायचा तर कोटा हवा, आणि कोटा विकता येणारा केला की तो थोड्या हातांत जमतो. हा पेच सुटलेला नाही आणि तो सुटला आहे असं दाखवणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. आइसलंडनं १९९० च्या कायद्यानं कोटे पूर्णपणे हस्तांतरणीय केले. साठे सावरले, नफा वाढला, आणि अनेक लहान गावांचा कोटा एका सौद्यात गावाबाहेर गेला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं या वाटपात भेदभाव असल्याचा निर्वाळा दिला. २००९ पासून तिथे उन्हाळ्यात लहान बोटींना कोट्याशिवाय मर्यादित मासेमारीची मुभा आहे. नॉर्वेनं तर १९३८ च्या कायद्यानं पहिल्या विक्रीचा अधिकारच मच्छीमारांच्या संस्थांना दिला आणि किमान भाव ठरवायची सोय केली. नफा थोडा कमी आणि पसारा थोडा जास्त, असा कौल एखादा देश देऊ शकतो. मला तो कौल पटतो, विशेषतः जिथे किनाऱ्यावर दुसरं काम नाही तिथे. पण तो मतदारांसमोर मांडून, किंमत सांगून द्यावा. सध्या बहुतेक ठिकाणी तो डिझेलच्या अनुदानाआड लपवून दिला जातो.

हिशोबाच्या बाजूला एक मोठा बदल झाला आहे. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगानं राष्ट्रीय लेख्यांची, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशोबाची, नवी पद्धत मंजूर केली. तिच्यात नैसर्गिक साधनसंपत्तीची झीज ही उत्पादनाचा खर्च म्हणून धरायची आहे. साठा घटवून केलेली कमाई निव्वळ उत्पन्नातून वजा होईल. न्यूझीलंडचं सांख्यिकी खातं तर मत्स्यसाठ्याची पैशातली किंमत आधीपासून मांडत आलं आहे. बाकीच्या देशांना ही पद्धत अंगवळणी पडायला वर्षं लागतील, आणि त्यासाठी आधी समुद्रात किती मासा आहे हे ठाऊक असायला हवं. त्याला सर्वेक्षणाची जहाजं लागतात, धक्क्यावर वजन तपासणारी माणसं लागतात, माशाच्या कानातला हाडासारखा खडा कापून त्यावरची वलयं मोजणारे वय-तज्ज्ञ लागतात. सरकारी काटकसर सुरू झाली की पहिली कात्री याच खर्चाला लागते. तो खर्च अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर न ठेवता परवाना आणि कोटा यांच्या शुल्काशी कायद्यानं बांधून टाकावा. न्यूझीलंड १९९४ पासून मत्स्य-संशोधन आणि देखरेखीचा बराचसा खर्च कोटाधारकांकडून वसूल करतं, आणि तिथला उद्योग त्यामुळे बुडालेला नाही.